नाताळचे टीव्ही-चित्रपट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोठ्या शहरातली नायिका नाताळला गावी येते, तिथला सुतार किंवा बेकरीवाला तिला भेटतो आणि २४ तारखेच्या रात्री सगळं जुळून येतं. थिएटरसाठी नव्हे, तर थेट टीव्हीसाठी बनणाऱ्या या चित्रपटांबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून पत्रं आली आहेत. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

मी घड्याळ लावून तीन चित्रपट बघितले. तिन्हींत नायक-नायिकेचं बिनसतं ते जवळजवळ एकाच सुमारास. हा योगायोग आहे का? आणि शेवट आधीच माहीत असूनही आम्ही का बघतो?
– एक वाचक, टिळकवाडी

योगायोग नाही. या प्रकारातली सर्वांत मोठी अमेरिकन वाहिनी म्हणजे हॉलमार्क. शुभेच्छापत्रं छापणाऱ्या कंपनीचीच ही वाहिनी. तिथले चित्रपट नाटकासारखे नऊ अंकांत लिहिले जातात, दोन अंकांच्या मध्ये जाहिराती येतात. दोन तासांच्या वेळेत चित्रपट असतो साधारण ८४ मिनिटांचा, उरलेल्या वेळात जाहिराती. पहिला अंक सर्वांत लांब, अठरा-वीस मिनिटांचा. नायिका कोण, गाव कुठलं आणि अडचण काय, एवढं एकदा कळलं की प्रेक्षकाचा हात रिमोटकडे जात नाही, म्हणून तोवर जाहिरात येऊ देत नाहीत. पुढचे अंक आखूड होत जातात. मध्यावर झाड सजवताना दोघं अगदी जवळ येतात आणि नेमका फोन वाजतो, नाहीतर एखादं पोर हाक मारतं. तासाभरानंतर कुणीतरी अर्धवट बोलणं ऐकतं आणि गैरसमज होतो. चुंबन अगदी शेवटच्या मिनिटांत.

ओटीटीवर जाहिराती नसल्या तरी अंकांमधले सांधे दिसतात. संगीत चढतं, नायिकेचा चेहरा जवळून दिसतो आणि पडदा क्षणभर काळा होतो. नऊ अंकांचे असे आठ सांधे असतात, पुढच्या वेळी मोजून बघा.

शेवट माहीत असल्याने गोडी जात नाही, याला थोडा आधारही आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी वाचकांना लघुकथांचा शेवट आधी सांगून बघितला, तर कथा त्यांना जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, पण या चित्रपटांपुरतं आम्हाला ते पटतं. कीर्तनाला बसलेल्याला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे ठाऊकच असतं. बुवा ते कसं सांगतात, यासाठी तो बसतो.

नवा मोठा टीव्ही घेतल्यापासून हे चित्रपट रोजच्या मालिकेसारखे दिसतात. वर संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी कानठळ्या बसवणारी.
– एक वाचक, वडगाव

टीव्ही बिघडलेला नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो आणि चित्र गुळगुळीत होतं. पिक्चर सेटिंगमध्ये ती सोय बंद करा. सोनीवर ती मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींवर ऑटो मोशन प्लस या नावाने सापडेल. आवाजासाठी चित्रपट चालू असताना ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. पाच स्पीकरांसाठी वाटलेला आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबला की संवाद दबतात.

मामंजी जाऊन दीड वर्ष झालं. सासूबाई नोव्हेंबरपासून रोज एक तरी नाताळचा चित्रपट बघतात आणि प्रत्येक वेळी रडतात. मुलं हसतात, "आज्जी परत रडालीय" म्हणतात. काळजी करावी का?
– एक वाचक, शहापूर

आधी मुलांचं हसणं थांबवा. या चित्रपटांत जवळजवळ नेहमी घरातलं एक माणूस गेलेलं असतं. आईच्या हातच्या पाककृतीचा कागद सापडतो, वडिलांनी अर्धवट ठेवलेली लाकडी चांदणी कुणीतरी पुरी करतं. सासूबाई बहुधा प्रेमकथेला रडत नसतील, त्या चांदणीला रडत असतील. एकदा शेजारी बसून बघा, डोळे कधी भरतात ते कळेल. दुरावलेली माणसं अचानक जवळ आली की छातीत ऊब दाटते, अंगावर काटा येतो आणि पाणी येतं. दुःखाच्या रडण्याहून हे रडणं वेगळं, आणि त्यानंतर माणूस हलका होतो. चित्रपट संपल्यावर त्या उठून चहा टाकत असतील, कुणाशी दोन शब्द बोलत असतील, तर घाबरण्यासारखं काही नाही.

पण टीव्ही बंद असतानाही रडू येतं, जेवण तुटलंय, पहाटे तीनला जाग येते, बाजारात किंवा शेजारी जाणं सोडलंय, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी चित्रपट बंद करू नका. शेवटची नावं वर सरकत असतील तेव्हा "मामंजींना हा सुतार आवडला असता का हो?" एवढंच विचारा. "परत तेच काय बघता?" मात्र कधीही नको.

ही थट्टा घराबाहेरही होते. डिसेंबर २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने ट्विटरवर लिहिलं की 'अ ख्रिसमस प्रिन्स' हा चित्रपट ५३ जण सलग १८ दिवस रोज बघताहेत, आणि त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी दुखावलंय? लोक चिडले. आपण काय बघतो यावर पाळत ठेवून वर हसायचं, हे त्यांना लागलं, आणि आमच्या मते ते बरोबरच होतं.

चित्रपटातला बर्फ खरा असतो का? शाळेच्या कार्यक्रमात स्टेजवर बर्फ पाडायचा आहे, थर्माकोल चालेल का?
– एक शिक्षिका, निपाणी

बहुतेक वेळा खोटा. यांतले बरेच चित्रपट कॅनडात, पंधरा-एक दिवसांत आणि अनेकदा उन्हाळ्यात उरकतात. कागदाचा चुरा, फेस, किसलेला बर्फ आणि पांढऱ्या जाड चादरी वापरतात. ओळखायच्या खुणा: बोलताना तोंडातून वाफ येत नाही, मागची झाडं हिरवीगार असतात, कोटावरची भुरभुर वितळत नाही, आणि बर्फ दारापुढे असतो पण शेजारच्या छपरावर नसतो. जुन्या काळी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरत. पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद नंतर वेगळे भरावे लागत. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'साठी आग विझवायच्या फेसापासून नवा, आवाज न करणारा बर्फ केला गेला. तेही चित्रीकरण भर उन्हाळ्यातलं.

थर्माकोल नको. तो केसांना आणि माइकला चिकटतो, पायाखाली गोळ्या फिरून मुलं घसरतात, आणि मेणबत्ती लागली तर काळा धूर होतो. स्टेजवर चुरगळलेल्या वर्तमानपत्रांवर पांढरी चादर टाका, वर गादीवाल्याकडचा उशीत भरायचा फायबर पातळ पसरा. तोही आग पकडतो, म्हणून मेणबत्त्या बॅटरीच्याच ठेवा. गोठ्याच्या देखाव्यासाठी तीन कप खायचा सोडा आणि अर्धा कप पांढरं हेअर कंडिशनर हाताने चोळा, थाळीभर बर्फ होतो आणि हाताला गारही लागतो. कंडिशनर जास्त झालं तर लगदा होतो, म्हणून चमचा-चमचा घाला.

बर्फ वरून पाडायला दहा फुटी सुती कापड घ्या. त्याच्या रुंदीच्या अर्ध्या भागात वीतभर अंतराने इंचभराच्या चिरा पाडा, दोन्ही लांब कडा दोन बांबूंना बांधून झोळीसारखं वर टांगा. टिश्यू पेपरचे सेंटिमीटरभर तुकडे न चिरलेल्या भागात भरा. एक बांबू पक्का ठेवा, दुसरा दोरीने हळूहळू हलवा. तुकडे मोठे झाले तर गठ्ठा पडतो, फार बारीक झाले तर नुसती धूळ दिसते. आदल्या दिवशी तालीम करा. दोरी ओढणारा नेहमी घाई करतो.

वाड्यावरच्या हॉलमध्ये साठ-सत्तर जणांना एक चित्रपट दाखवायचा आहे. ज्येष्ठांना इंग्रजी येत नाही.
– एक वाचक, खानापूर

घरच्या ओटीटी वर्गणीत सार्वजनिक खेळ बसत नाही, तिकीट नसलं तरी. हक्कदाराची लेखी परवानगी आधी मिळवा. चित्रपट हिंदी आवाजात आहे का तेही तपासा. मराठी आवाज क्वचितच सापडेल. तळाची अक्षरं वाचण्यापेक्षा ज्येष्ठांना हिंदी ऐकणं सोपं जातं.

नेहमी फसतं ते इथे: जुना प्रोजेक्टर व्हीजीए तारेचा असतो, मध्ये कन्व्हर्टर लावला की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. नक्कल रोखणाऱ्या कुलपाने चित्र अडवलेलं असतं. थेट एचडीएमआय जोडणीचा प्रोजेक्टर भाड्याने आणा आणि दोन दिवस आधी त्याच हॉलमध्ये, त्याच तारांनी, तोच चित्रपट पाच मिनिटं चालवा. साडेसहाला सुरू केलात तर चाळिसाव्या मिनिटाच्या आसपासच्या सांध्यावर थांबून चहा आणि नेवऱ्या (करंज्या) द्या. सव्वाआठपर्यंत चित्रपट संपतो आणि गावाकडची शेवटची बस चुकत नाही.

मी पुण्यात नोकरी करते. हे चित्रपट बघून आई म्हणते, "बघ, ती सगळं सोडून गावी आली."
– एक वाचक, मूळ चिकोडी

त्या गावात घरभाडं, पगार आणि पेट्रोल यांचा हिशेब कुणी करत नाही, हे आईला प्रेमाने सांगा. पण आई नोकरीबद्दल बोलत नसावी. नायिका पहिल्या वीस मिनिटांत दार उघडून घरात येते, तेवढंच तिला दिसत असेल. तारीख सांगून दोन दिवस या.

असा एक मराठी चित्रपट बेळगावात करायचा आहे, तासाभराचा. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नंदगड

बर्फ विसरा, पहाटेचं धुकं घ्या. ते फुकट मिळतं, पण ऊन चढलं की विरतं, म्हणून बाहेरची दृश्यं दिवसाला दोनच ठेवा. तासाभराला साठ पानं धरा, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. झाड सजवण्याच्या जागी घरातले सगळे मिळून कलकलं, म्हणजे नाताळचा तळलेला गोड पदार्थ, वळताना दाखवा. जेवणाच्या काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची असते. नवख्या मुलीची गोळी चपटी होते आणि बाजूला बसलेली आज्जी काही न बोलता ती परत वळते, त्या एका दृश्यात नातं कळतं. मात्र तळण खऱ्या कढईत करून आवाज वेगळा घ्या, कारण तेलाच्या चुरचुरीत संवाद बुडतात.

शेवटाला ३१ तारखेचा ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा जाळायचा पुतळा, घेणार असाल, तर तो एकदाच जळतो. एक कॅमेरा गर्दीच्या मागे उंचावर ठेवा, दुसरा फक्त दोघांच्या चेहऱ्यांवर. चेहऱ्यांवरची उरलेली दृश्यं दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर, बाजूला छोटी शेकोटी पेटवून घेता येतील, तेव्हा तेच कपडे घडी न घालता, त्याच काजळीसकट ठेवा.