आधी दगड बघा, मग फुलं शोधा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सांगितलं होतं की वसंतातल्या एक दिवसाच्या रानफुलांच्या ट्रेकबद्दल काय विचारायचं ते विचारा. भरपूर पत्रं आली, त्यातली सहा इथे घेतलीयेत. जवळजवळ सगळ्या पत्रांत फुलांबद्दल पानभर लिहिलंय आणि खडकांबद्दल एखादी ओळ, "वर सुळके पण छान आहेत म्हणे" एवढीच. मला मनापासून वाटतं की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीचेत, आणि खालच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा तिथेच येणारे, तेवढं चालवून घ्या.

ताई, गेल्या वर्षी एका फोटोखालची तारीख बघून आम्ही सहाजण बरोब्बर त्याच तारखेला गेलो, चार तास चाललो आणि सगळीकडे नुसत्या कळ्या. आता या वर्षी कोणी यायलाच तयार नाहीये. नक्की कधी जायचं असतं?

फोटोखालची तारीख ही त्या एका वर्षाची असते हो. थंडी किती लांबली, पाऊस कधी पडला आणि किती मुरला, यावर दरवर्षी सगळं पुढेमागे होतं. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ साली तिकडच्या निरीक्षणांवरून एक ठोकताळा मांडला होता, एक अक्षांश उत्तरेला सरकलं की वसंत साधारण ४ दिवस उशिरा येतो आणि ४०० फूट वर चढलं की परत तेवढाच उशीर. ठोकताळाच आहे तो, प्रत्येक डोंगराला तंतोतंत लागू होणार नाही, पण डोंगर चढणाऱ्याच्या फार कामाचा आहे, कारण त्या हिशोबाने १२०० फुटांचा चढ असेल तर पायथा आणि माथा यांच्यात १२ दिवसांचं अंतर पडतं. म्हणजे एकाच दिवसात तुम्ही खाली शेंगा धरलेली झाडं बघता, मध्यावर ऐन बहर आणि वर कळ्या.

म्हणून "कधी जायचं" याच्या जोडीला "किती उंचीवर थांबायचं" हेही विचारायला हवं. नुसत्या कळ्या दिसायला लागल्या की वर जात राहू नका, खाली या किंवा उन्हाच्या बाजूला वळा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार आधी तापतो आणि आधी फुलतो, दक्षिण गोलार्धात याच्या उलट. तुमच्या वेळी त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला कदाचित बहर चालू असेल आणि तुम्ही सावलीच्या बाजूने चार तास चालला असाल. सहाही जणांना हे वाचून दाखवा आणि परत न्या.

आम्ही ऊन टाळायला पहाटे निघतो. सातला वर पोचलो तर सगळी फुलं मिटलेली! परत येताना दहा साडेदहाला तीच फुलं उघडलेली दिसली. असं का होतं?

बरीच फुलं रात्री आणि गारठ्यात मिटून घेतात. कॅलिफोर्नियातली नारिंगी पॉपी तर ढग आले, वारा सुटला तरी मिटते. ट्युलिप आणि क्रोकसमध्ये हे तापमानावर चालतं, ऊब लागली की पाकळीच्या आतल्या बाजूच्या पेशी बाहेरच्यापेक्षा भराभर वाढतात आणि पाकळी बाहेर वळते, गार झालं की उलट. मिटलं की परागकण कोरडे राहतात, आणि तसंही गारठ्यात मधमाश्या फिरत नाहीत, मग उघडं राहून उपयोग काय.

तेव्हा पहाटे निघायचं सोडू नका, फक्त क्रम बदला. सकाळचं तिरपं ऊन दगडासाठी आहे. खडकावरचे थर, भेगा, वाऱ्यापाण्याने पाडलेली भोकं, सगळं त्या लांब सावल्यांमुळे उठून दिसतं, तेच दुपारी बाराला बघितलं तर सपाट भिंत वाटते. म्हणून आधी सुळक्यांकडे जायचं आणि दहानंतर माळावर उतरायचं.

आमच्या नेहमीच्या वाटेवर एक जागा आहे, तिथे अगदी रेघ मारल्यासारखं दिसतं. रेघेच्या अलीकडे गुडघाभर गवत आणि फूल औषधाला नाही, पलीकडे माती पातळ, दगड वर आलेले, आणि तिथेच पिवळ्या जांभळ्या फुलांचा सडा. चांगल्या मातीत फुलं नाहीत आणि खराब मातीत एवढी, हे उलटं कसं?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण नेमकं हेच मला सांगायचं होतं. ती रेघ बहुतेक खालचा दगड बदलल्याची आहे. पुढच्या वेळी वाकून दोन्हीकडचा दगड बघा, रंग वेगळा आहे का, हाताला कसा लागतो, कसा फुटलाय.

चांगली खोल माती सगळ्यात आधी कोणाच्या कामी येते, तर गवताच्या. गवत भराभर वाढतं, ऊन अडवतं आणि बुटकी रानफुलं त्याच्याखाली गुदमरतात. दगड कंजूष असला, म्हणजे माती पातळ, पाणी टिकत नाही, पोषण कमी, तर गवताचा जोर राहत नाही आणि ज्यांना थोडक्यात भागवायची सवय आहे अशा फुलांना जागा मिळते. सर्पेंटाइन नावाचा हिरवट, गुळगुळीत दगड आहे, कॅलिफोर्नियाने तर १९६५ मध्ये त्याला राज्याचा दगड ठरवलाय. त्याच्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम जास्त आणि निकेलसारखे धातू, बहुतेक झाडांना हे सोसत नाही. युरोपातून आलेल्या गवतांनी तिथली कितीतरी कुरणं गिळली पण सर्पेंटाइनवर त्यांचं फारसं चाललं नाही, म्हणून तिथली मूळची रानफुलं आज या दगडावर टिकून आहेत. आणि यातली वाईट वाटणारी गोष्ट ही की गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून त्या मातीवर बसतो, मातीला आयतं खत मिळतं आणि गवत तिथेही घुसायला लागतं, मग काही ठिकाणी गुरं चारून ते आटोक्यात ठेवावं लागतं. खत घातल्यामुळे फुलं जातात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस त्याचाच विचार करत होते.

आयर्लंडमधलं बरेन बघा, मैलोन्‌मैल उघडा चुनखडक, हिमनद्यांनी घासून काढलेला. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडकातल्या फटी विरघळवत रुंद करत जातं. वर फरशीसारखे तुकडे आणि मध्ये खोल घळी तयार होतात, त्यात सावली, ओल आणि वाऱ्यापासून आडोसा, म्हणून आत नेचे वाढतात आणि वरच्या पातळ मातीत एप्रिल-मेमध्ये जेन्शियनची गडद निळी फुलं येतात. तिथले शेतकरी गुरं हिवाळ्यात वर चारायला नेतात, बाकी ठिकाणी उन्हाळ्यात नेतात तसं नाही. हिवाळाभर गवत खाल्लं जातं आणि वसंतात फुलांना मोकळं आभाळ मिळतं. दगड वेगळा, देश वेगळा, पण गोष्ट तुमच्या रेघेचीच.

आणखी एक जागा बघत जा, मोठ्या धोंड्याचा पायथा. उघड्या खडकावर पडलेलं पाणी सगळं घरंगळून कडेला येतं, शिवाय दगड दिवसभर तापून रात्री ऊब सोडत राहतो, त्यामुळे धोंड्याभोवती फुलांचं कडं तयार होतं आणि ते आजूबाजूच्या माळाच्या आधी फुलतं. लवकर गेलात आणि माळ कोरडा दिसला तरी धोंडे सोडू नका.

माझा नऊ वर्षांचा मुलगा सहा कोनी दगडी खांब बघून म्हणाला की हे माणसांनीच बनवलंय, वर छिन्नीचे घावही दाखवले त्याने. मला उत्तर देता आलं नाही. त्याला काय सांगू?

आधी त्याला शाबासकी द्या, कारण खांबांवरच्या त्या आडव्या पट्ट्यांना भूशास्त्रज्ञही छिन्नीच्या खुणाच म्हणतात! लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की तडकतो. तडा पृष्ठभागापासून आत जातो पण एका दमात जात नाही, थोडा जातो, थांबतो, आतलं आणखी निवलं की पुन्हा थोडा, आणि प्रत्येक टप्प्याची एक पट्टी उरते. म्हणजे तो तड्याच्या चालण्याच्या खुणा बघत होता.

सहाच बाजू का, तर आकसण्याचा ताण सगळीकडे सारखा वाटला जायचा असेल तर तीन तडे एका बिंदूत १२० अंशांनी भेटणं सगळ्यात सोयीचं पडतं आणि त्यातून षटकोन बनतात. पण निसर्ग पट्टी घेऊन बसत नाही, उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर सुमारे ४०,००० खांब आहेत, बरेचसे सहा बाजूंचे पण पाच आणि सात बाजूंचेही भरपूर सापडतात. तिथल्या लोककथेत ते एका राक्षसी वीराने रचलेत, म्हणजे कोणीतरी बनवलंय असं वाटणारा तुमचा मुलगा पहिला नाही. पुढच्या वेळी त्याला बाजू मोजायला सांगा, आणि जाड खांब दिसला तर सांगा की हा सावकाश निवला, बारीक असला तर भरभर. सुकलेल्या तळ्यातला तडकलेला चिखल दाखवलात तर आकसणं लगेच समजेल.

आई ६४ वर्षांची आहे, गुडघे थोडे दुखतात पण यायची फार इच्छा आहे. नेऊ का?

डॉक्टरांना विचारून नक्की न्या. चढापेक्षा उतार गुडघ्याला जड जातो, म्हणून दोन काठ्या द्या, ज्या वाटेवर घसारा असेल ती उतरायला घेऊ नका, आणि वसंतात सकाळी सावलीतला खडक दवाने निसरडा असतो तिथे घाई नको. वर पोचायलाच हवं असं काही नाही. वर सांगितलं तसं, फुलं बहुतेक मध्येच कुठेतरी असतात.

माझ्या मैत्रिणींना फुलांच्या मधोमध बसून फोटो हवे असतात, एखादं फूल केसात माळलं तर काय बिघडतं असं त्या म्हणतात. मी नको म्हटलं की मीच वाईट ठरते. दादा-ताई कोणीतरी समजवा.

तू वाईट नाहीस गं. २०१९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉकर कॅन्यनमध्ये पॉपी एवढ्या फुलल्या की हजारो लोक लोटले, वाट सोडून फुलांत शिरले, आणि शेवटी ती जागाच काही काळ बंद करावी लागली. एकेकीला वाटतं माझ्या एकटीच्या बसण्याने काय होणार, पण दबलेल्या मातीवर पाणी मुरत नाही आणि तुझ्यामागून येणाऱ्याला ती वाटच वाटते.

केसातल्या फुलाचं म्हणशील तर त्यांना ट्रिलियमबद्दल सांग. उत्तर अमेरिकेतल्या जंगलातलं हे तीन पाकळ्यांचं फूल, बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं सहज जातात. त्याची तिन्ही पानं फुलाच्या अगदी खाली असतात, त्यामुळे फूल खुडताना पानंही गेली की त्या वर्षी झाडाला अन्न तयार करता येत नाही. आपण बघतो त्या फुलाचं वय किती हे बाहेरून कळत नाही ना.

फोटोसाठी मी काय करते ते सांगते. वाटेवरच पोटावर झोपायचं, कॅमेरा किंवा फोन जमिनीला टेकवायचा, पुढे कडेची चार फुलं आणि मागे सुळका घ्यायचा. चार फुलांचं रान दिसतं. आणि बसायचंच असेल तर उघड्या कातळावर बसा, पण आधी त्यावर करड्या-नारिंगी खपल्या आहेत का बघा. ते दगडफूल आहे, बुरशी आणि शेवाळाची भागीदारी, त्याच्या कितीतरी जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका दिसला तर मैत्रिणींना तिथेच थांबवून अंदाज करायला सांग की हा किती वर्षांचा असेल, आणि मग शेजारचा कोरा कातळ बघून बसा.