सगळे टेक्निक टाकले, तरी पटत का नाही?

"मॅडम, इंग्लिशमध्ये बाकी सगळं जमतं, पण पर्सुएसिव्ह रायटिंग, म्हणजे पटवून देणारं लेखन, आलं की मार्क जातात, आणि मी तर सगळे टेक्निक टाकलेले असतात." मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की आता पहिल्या चार शब्दांतच कळतं पुढे काय येणार. पालकांना वाटतं शब्दसंग्रह कमी पडतोय, अजून एक क्लास लावू का? मी बहुतेक वेळा नको म्हणते. का, ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि त्याला व घरच्यांना विचारूनच लिहितेय).

पंधरा वर्षांचा मुलगा, पेपरच्या आदल्या रात्री झोप उडायची म्हणून आला होता. तिसऱ्या भेटीत त्यानं उत्तरपत्रिका आणली. प्रश्न असा, शाळेत मोबाईलवर पूर्ण बंदी आहे, तुमचं मत पटवून देणारं पत्र मुख्याध्यापकांना लिहा. त्याच्या स्वतःच्या शाळेतही तेव्हा नुकतीच बंदी आली होती. मार्जिनमध्ये त्यानंच पेन्सिलीनं बारीक अक्षरात यादी करून टिकमार्क केलेले, रेटॉरिकल क्वेश्चन (उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न), तीनचा गट (ओळीनं तीन शब्द किंवा मुद्दे), भावनिक शब्द, आकडेवारी, अनुप्रास, सगळं हजर. सुरुवातीलाच ओळीनं तीन प्रश्न, मग "९५ टक्के विद्यार्थ्यांना वाटतं" असा एक आकडा. खाली टीचरचा शेरा, टेक्निक आहेत, पण पटत नाही.

मी विचारलं, "हे ९५ टक्के कुठून आले?"

"मनानं टाकले. सगळेच टाकतात." मग जरा थांबून हळूच म्हणाला, "मला ते लिहिताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. म्हणून हात थांबतो आणि मग वेळ पुरत नाही."

खरी गाठ इथे होती. इंग्लिश त्याचं चांगलंच होतं, पण पटवणं म्हणजे समोरच्याला गुंडाळणं अशी त्याची समजूत झाली होती आणि त्या प्रामाणिक मुलाला ते जमत नव्हतं.

"हे पत्र वाचतंय कोण?"

"एक्झामिनर."

"पत्रात कोण वाचतंय?"

"मुख्याध्यापक."

"मग तू आता मुख्याध्यापक हो. बंदी का घातलीस, सांग मला."

तो बराच वेळ टेबलाकडे बघत बसला, मीही काही बोलले नाही. मग एकदम म्हणाला, "कारण आमच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो कोणीतरी काढून सगळीकडे फिरवला, ती आठवडाभर शाळेत आली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण बंदीच घातली असती."

मी फक्त कागद पुढे सरकवला. त्यानं लिहिलेल्या पहिल्या ओळी मला अजून पाठ आहेत, "यू बॅन्ड फोन्स बिकॉज अ गर्ल इन माय क्लास वॉज हर्ट. आय वॉज देअर. यू वेअर राइट टू ॲक्ट." आणि त्यानंतर "बट" लिहून त्यानं मागणी मांडली, फोन सकाळी लॉकरमध्ये जमा करायचे, सुटताना परत घ्यायचे, म्हणजे एकट्यानं घरी जाणाऱ्या मुलांची सोय होते. यादीकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या कामाचा फार आनंद झाला.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. १९५१ साली एका भाषणात त्यांनी भांडणाऱ्यांसाठी साधा नियम सुचवला होता, समोरच्याचं म्हणणं आणि भावना त्याचं समाधान होईल इतक्या नीट सांगता आल्या तरच आपलं म्हणणं मांडायचं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या लेखन शिकवणाऱ्यांनी त्यावरून युक्तिवादाची एक पद्धतच मांडली. मी तो नियम इतकी वर्षं नवरा-बायकोच्या भांडणात वापरत होते, तो इंग्लिशच्या पेपरलाही इतका चपखल बसेल हे मला या मुलामुळे कळलं.

म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी आता सांगते, पहिली पाच मिनिटं उत्तर लिहू नका. वाचणारा कोण, त्याला भीती कसली, आणि त्यानं नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं, या तीन गोष्टी कच्च्या टिपणात लिहा. त्याची हरकत पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच मान्य करा, शेवटी घाईघाईत "सम पीपल से" असं नको. रेटॉरिकल प्रश्न एकच पुरतो, पण तो अशा ठिकाणी हवा जिथे वाचणाऱ्याचं उत्तर आपोआप तुमच्या बाजूनं येईल, सुरुवातीलाच विचारला तर वाचणारा "नाही" म्हणून मोकळा होतो. तीनच्या गटात सगळ्यात जड गोष्ट शेवटी ठेवा, लिंकननं १८६३ मध्ये लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी म्हणताना तेच केलं. आणि मनानं टक्केवारी टाकण्यापेक्षा स्वतः पाहिलेलं एक दृश्य लिहा, "माझ्या बाकावरून मला काय दिसलं" हे कुठल्याही ९५ टक्क्यांपेक्षा जास्त खरं वाटतं. ॲरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी पटवण्याची तीन साधनं सांगितली, बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. मुलांच्या यादीत भावना असते, तर्कही थोडा असतो, विश्वासार्हता मात्र राहूनच जाते. शेवटची पाच मिनिटं स्पेलिंग आणि विरामचिन्हांना ठेवा, शुद्धलेखनाचे मार्क फुकट घालवू नका.

मुलं हमखास विचारतात, दिलेलं मत मला पटतच नसेल तर? बऱ्याच पेपरात बाजू निवडायची मोकळीक असते, तेव्हा जिच्या विरोधातल्या माणसाला तुम्ही नीट ओळखता ती बाजू घ्या. त्या मुलानं पुढच्या पेपरला गृहपाठ बंद करण्याच्या बाजूनं लिहिलं, कारण विरोधात कोण असतं हे त्याला घरबसल्या माहीत होतं. पत्राची सुरुवात त्यानं आईच्या रोजच्या वाक्यानं केली होती.