परकी भाषा शिकताना आधी काय: व्याकरण, उच्चार की शब्दसंग्रह?

तुम्ही नुकतीच जर्मन शिकायला सुरुवात केली आहे, रोज जेमतेम तासभर मिळतो, आणि तो व्याकरणाला द्यावा, शब्द पाठ करायला द्यावा की उच्चाराला, असं तुम्ही विचारलंय. शिवाय चाळिशीनंतर उच्चार सुधारतात का, हेही. मी नवशिक्यांना जर्मन शिकवते. माझं स्पष्ट मत आहे की पहिले काही आठवडे कानाला आणि तोंडाला द्या. बहुतेक जण उलटं करतात. ‘उच्चार काय, येतील हळूहळू’ म्हणून ते मागे टाकतात आणि मग त्यांचं व्याकरणही कच्चं राहतं.

कारण व्याकरणाचा मोठा भाग आवाजातच असतो. जर्मनमध्ये भावाला ‘ब्रूडर’ म्हणतात. अनेकवचन करताना शेवटी काहीच जोडत नाहीत, फक्त मधला ऊ बदलतो. लिहिताना त्याच्या डोक्यावर दोन टिंबं येतात, त्याला उमलाउट म्हणतात. हा बदललेला ऊ ज्याला वेगळा ऐकू येत नाही, त्याच्या हातून अनेकवचनाची एक खूण गेलीच. स्पॅनिशमध्ये तर याहून मजा आहे. ‘आब्लो’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. पुरुष बदलला, काळ बदलला, आणि हललं काय, तर फक्त आघात. फ्रेंचमध्ये उलट दिलासा मिळतो: ‘बोलणे’ या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्यासोबतची वर्तमानकाळी रूपं लिहायला तीन तऱ्हेची, पण कानाला सगळी एकच, ‘पार्ल’. नुसत्या तक्त्यावरून शिकणारा उगाच घाबरतो.

आता तो टिंबवाला ऊ प्रत्यक्ष काढून बघा. ‘ई’ म्हणा आणि लांबवा. जीभ जिथे आहे तिथेच ठेवा, फक्त ओठांचा चंबू करा, शीळ घालताना करतो तसा. जो आवाज येईल तोच हवा आहे. आरशासमोर करा, कारण सुरुवातीला ओठांबरोबर जीभही मागे सरकते आणि आपला नेहमीचा ‘ऊ’ बाहेर पडतो. याच रीतीने दीर्घ ‘ए’ म्हणता म्हणता ओठ गोल केलेत की टिंबवाला ‘ओ’ मिळतो.

एक कळकळीची विनंती: वहीत जर्मन शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहू नका. इथे मी नाइलाजाने लिहितेय. ‘आधीच’ आणि ‘सुंदर’ या अर्थांचे दोन वेगळे जर्मन शब्द देवनागरीत दोन्ही ‘शोन’ होतात, आणि एकदा तसे लिहिले की डोळे कानाला ऐकूच देत नाहीत. त्याऐवजी रेकॉर्डिंग ऐका, लगेच मागोमाग म्हणा, स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघा. काही गोष्टी मराठी माणसाकडे आधीपासून आहेत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन च आपण न अडखळता वेगळे म्हणतो; त्यातला ‘चाक’चा च म्हणजे जवळजवळ जर्मनमधला ‘त्सेट’, म्हणजे Z या अक्षराचा आवाज.

शब्दांबद्दल थोडक्यात सांगते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात दिसलं की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने सुरुवातीलाच विसरतं. म्हणून उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, अशी अंतर वाढवत करा. सुटा शब्द घेऊ नका. नाम नेहमी आर्टिकलसकट, म्हणजे नामाआधी येणाऱ्या आणि त्याचं लिंग दाखवणाऱ्या छोट्या शब्दासकट, आणि एका छोट्या वाक्यात, मोठ्याने.

आर्टिकलला लोक फार भितात. पण तीन लिंगं ही कल्पना आपल्याला नवी नाही. तो पलंग, ती खुर्ची, ते टेबल हे आपण नियमाने शिकलो नाही, ऐकून जिभेवर बसलं. विभक्तीचंही तसंच. ‘रस्ता’ला ‘वर’ लावलं की ‘रस्त्यावर’ होतं, मधलं रूप बदलतं; जर्मनमध्ये ‘मिट’, म्हणजे ‘सोबत’ किंवा ‘ने’, आला की पुढचं आर्टिकल बदलतं. तत्त्व ओळखीचंच आहे. तरी मोठ्या वयात नियम वाचायचाच नाही हे मला पटत नाही. आधी त्या घाटाची दहा-बारा वाक्यं कानावरून जाऊ द्या, मग नियम वाचा. तो लगेच डोक्यात बसतो.

वयाचं म्हणाल तर जर्मन माणसासारखी लकब कदाचित येणार नाही, आणि तिची गरजही नाही. मन्रो आणि डर्विंग या भाषा-संशोधकांनी १९९५ साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर अभ्यास करून दाखवलं की परकी लकब ठळक असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं. म्हणून मेहनत तिथे घ्या जिथे आवाज चुकला की अर्थ बदलतो. घशातला जर्मन ‘र’ जमत नसेल तर सोडून द्या. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात आजही आपल्यासारखा जिभेच्या टोकाने काढलेला ‘र’ कानावर पडतो, त्यामुळे तुमचा मराठी र बिनधास्त वापरा आणि वाचलेला वेळ टिंबवाल्या स्वरांना द्या.