गाडी पितेय की आपण पाजतोय?

पाना-पक्कड : वाचकांचे प्रश्न, हेडमेकॅनिकची उत्तरं

प्रश्न : नमस्कार काका. बामणोलीच्या अलीकडे आमचं छोटं होमस्टे आहे. चार खोल्या आणि घरचं जेवण. आमच्याकडे २०१६ ची डिझेल थार आहे, फोर बाय फोर. किराणा, सिलिंडर, भाजी, पाहुण्यांची ने-आण सगळं तिच्यावरच. साताऱ्याच्या आठवड्याला चार फेऱ्या होतात, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. डिझेलचा खर्च महिन्याला चौदा हजारांवर गेलाय. ॲव्हरेज जेमतेम नऊ. गाडी दीर चालवतात. पावसाळाभर ते गाडी फोर-हायमध्येच (चारही चाकांना इंजिनाचा जोर) ठेवतात, घाटात पकड राहते म्हणतात. उतारावर न्यूट्रल करतात, तेवढंच डिझेल वाचतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी मोठे टायर टाकले (२४५/७५, आधी २३५/७० होते), तेव्हापासून ॲव्हरेज आणखी पडलं. मिस्टर म्हणतात, ही विकू आणि साधी छोटी गाडी घेऊ. पण जून ते सप्टेंबर आमच्या वाडीचा शेवटचा दीड किलोमीटर साध्या गाडीला जमत नाही. काय करावं?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, विकायचं पुढं बघू. आधी दोनशे पानी वही आणा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. तिथं ‘ॲव्हरेज’ कुणी म्हणत नसे. केपीटीएल म्हणायचे, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. गाडी तीच, रूट तोच, तरी एका ड्रायव्हरचे दहा लिटरला पंचेचाळीस आणि दुसऱ्याचे पन्नास पडायचे. पंचेचाळीसवाला कायम इंजिनाच्या नावानं तक्रार लिहायचा. आम्ही इंजिन उघडायच्या आधी गाडी पन्नासवाल्याच्या हातात देऊन बघायचो. निम्म्या तक्रारी तिथंच मिटायच्या.

तुमचं ‘नऊ’ कशावरून काढलंय? काट्यावरून काढलं असेल तर विसरा. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा. ‘ताई, राउंड फिगर करू का?’ म्हणेल त्याला नको म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच फुल करा, किलोमीटर भागिले लिटर, आणि आकडा वहीत लिहा. असं तीनदा करा, एकदाचा आकडा फसवतो. पंपाच्या मापाचा संशय असेल तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप दाखवायला सांगा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि मोजून बघायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. मागायला लाजू नका.

आता तुमच्या टायरांची गंमत. जुना टायर उंचीला सुमारे ७३५ मिलिमीटर, नवा ७७४. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, पण मीटरला ते कळत नाही, तो जुन्याच चाकाच्या हिशेबानं मोजतो. म्हणजे मीटरवर शंभर दिसले की गाडी खरी एकशेपाच चाललेली असते. तुमचं नऊ हे खरं साडेनऊ आहे. ‘टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं’ यातला बराच भाग असा नुसता कागदावरचा. सगळा नाही, कारण जड चाक फिरवायला डिझेल लागतंच. पण ते टायर आता काढून फेकू नका. झिजले की मूळ मापाचे घ्या. हवा मात्र आजच बघा. चिखलाच्या पट्ट्यासाठी हवा उतरवायची आणि तशीच गाडी साताऱ्यापर्यंत डांबरावरून न्यायची, ही सवय घरोघरी आहे. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरची हवा डांबराला. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो गाडीत असू द्या.

आता दिरांकडे येतो. त्यांना हे वाचायला द्या, पण माझ्या नावानं द्या, तुमच्या नको.

भाऊ, तुमच्या गाडीचं फोर बाय फोर गरजेपुरतं लावायचं आहे, कायम ठेवायचं नाही. वळणावर पुढची चाकं बाहेरून मोठा फेरा घेतात, मागची आतून छोटा. टू-हायमध्ये जोर फक्त मागच्या चाकांना, पुढची मोकळी असतात, त्यामुळं काही बिघडत नाही. फोर-हायला टाकलं की ट्रान्सफर केसमध्ये (दोन्हीकडच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो, दोघांनी सारखंच फिरायचं. चिखलात टायर थोडं घसरून तो फरक भागवतं. डांबर ओलं असलं तरी तेवढं घसरू देत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये आणि गिअरांत साठत जातो. यवतेश्वरच्या घाटातल्या एकेका वळणावर तुम्ही इंजिनाला स्वतःच्याच गाडीशी कुस्ती खेळायला लावताय, आणि खुराक डिझेलचा.

ओळखायचं कसं? घट्ट वळणावर गाडी अडखळल्यासारखी होते, स्टेअरिंग जड लागतं आणि नंतर लिव्हर फोर-हायमधून निघता निघत नाही. लोक लिव्हरला लाथा घालतात. त्यापेक्षा गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागं घ्या. आतून ‘टक्’ असा आवाज येईल. तो पीळ सुटल्याचा आवाज. मग लिव्हर दोन बोटांनी निघेल. उद्या सकाळी एकदा करून बघा, एवढं लिहिलेलं त्या एका आवाजात पटेल.

तेव्हा वाडीचा फाटा आला की फोर-हाय, चढावर रुतायला लागली तर थांबून फोर-लो (हळू पण जास्त ताकद), आणि डांबर लागलं की टू-हाय. घाटात ओल्या रस्त्यावर पकड पाहिजे तर वेग उतरवा आणि टायरची नक्षी शाबूत ठेवा. उन्हाळ्यात मात्र उलटं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन किलोमीटर फोर-हायला चालवा, नाहीतर ऐन जूनमध्ये ते लागणार नाही.

न्यूट्रलचं कौतुक ताबडतोब बंद. तुमच्या गाडीला सीआरडीई इंजिन आहे, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की कॉम्प्युटर डिझेल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की तेच इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं, आणि ब्रेकवर भार येतो तो वेगळाच. तरुणपणी मीही माझ्या जीपला घाटात असाच सोडायचो. एकदा खाली येईस्तोवर ब्रेकचा पेडल पायाखाली स्पंजासारखा झाला. रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली म्हणून आज हे सदर लिहितोय. ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा.

आणखी एक तपासणी, फुकटातली. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवून, ब्रेक कमीत कमी मारून, गाडी थांबवा. चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक तिथं धरून बसलाय. माझ्या जीपचं मागचं डावं चाक दीड महिना असं होतं. मी डिझेल पंप, फिल्टर, सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी बायकोनं अंगण शिंपडताना त्या ड्रमवर पाणी उडवलं आणि चर्र आवाज आला. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. तुमच्याकडच्या पावसात आणि लाल चिखलात हे हमखास होतं. एअर फिल्टरही सर्व्हिसिंगची वाट न बघता उन्हाळ्यात दर महिन्याला काढून झटका.

कासच्या हंगामात, सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी, तुमची गाडी पठारावरच्या गर्दीत तासभर उभी राहत असणार. इंजिन चालू ठेवून एसी लावून बसू नका. असं इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. त्या हंगामात साताऱ्याची फेरी मंगळवारी-बुधवारी टाका.

फेरीवरून मुद्द्याची गोष्ट निघाली. हे सगळं नीट केलंत तर ॲव्हरेज नवावरून साडेदहा-अकरावर येईल असा माझा अंदाज. चांगलं आहे. पण आठवड्याच्या चार फेऱ्यांच्या दोन केल्यात, तर महिन्याला जवळपास सातशे किलोमीटर वाचतात. आजच्याच ॲव्हरेजनं ते पंचाहत्तर लिटर, आणि नव्वदीचा भाव धरला तर साडेसहा हजारांच्या पुढं. एवढं मी तुमचं अख्खं इंजिन उतरवून बसवलं तरी वाचवून देऊ शकणार नाही. दुधाचा नाहीतर भाजीचा टेंपो साताऱ्याहून रिकामा परत येत असेल तर त्याच्याशी बोला. शेजारच्या दोन होमस्टेवाल्यांशी सिलिंडर आणि किराण्याची पाळी लावा. कोथिंबिरीसाठी थार बाहेर काढू नका. परसात लावा.

राहिली मिस्टरांची छोटी गाडी. समजा ती लिटरला वीस देते, पेट्रोल एकशेपाचचं धरू. चौदाशे किलोमीटरला साडेसात हजार झाले, म्हणजे आज साडेसहा हजारांचा फायदा दिसतो. पण पावसाळ्याचे चार महिने तुम्हाला थार लागणारच. म्हणजे ती विकता येत नाही, आणि दोन गाड्यांचा विमा, दोन सर्व्हिसिंग, दोन बॅटऱ्या. शिवाय फेऱ्या निम्म्या केल्यात की फायदाही निम्मा झाला. तेव्हा आत्ता नको. वही सहा महिने भरा, मग ती घेऊन दोघं बसा. भाव उतरेल या आशेवर मात्र काही ठरवू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलनं शंभरी ओलांडली, दिवाळीच्या तोंडावर केंद्रानं दहा रुपये उत्पादन शुल्क कमी केलं, मे २०२२ मध्ये आणखी सहा, त्या जुलैत राज्यानं व्हॅटचे तीन. तेवढं होऊनही तुमचं पत्र आलंच ना?

प्रश्न : माझ्याकडे जुनी ५४० जीप आहे. शेतावर वापरतो. टेंपरेचरचा काटा कधी वर येतच नाही, गाडी एकदम थंड चालते. पण ॲव्हरेज आठच, आणि सकाळी धूर फार. इंजिनातले डिझेल फवारणारे नोझल करून झाले. — एक शेतकरी, जुन्नर

उत्तर : गाडी थंड चालते याचं कौतुक करू नका, दुखणं तिथंच आहे. कुणीतरी कधीतरी गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, आपल्या भाषेत वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा), काढून फेकलेला दिसतोय. आमच्या धंद्यातली ही जुनी पळवाट. रेडिएटर साफ करायला अर्धा दिवस लागतो, वॉल्व्ह काढायला दहा मिनिटं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, अर्धवट जळून धूर होतो आणि उरलेलं खाली ऑइलमध्ये उतरतं. नवा वॉल्व्ह बसवा, फार महाग नाही. बसवायच्या आधी गरम पाण्याच्या पातेल्यात दोऱ्यानं सोडून उघडतो का ते डोळ्यांनी बघा. पातेलं चहाचं घेऊ नका. नंतर गाडी गरम व्हायला लागली तर वॉल्व्हला दोष न देता रेडिएटर खोलून घ्या. आणि डिझेलमध्ये रॉकेल घालण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर हसून सोडून द्या. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलनं तो कोरडा पडतो.

प्रश्न : नवी पेट्रोल थार घेतली. पुण्यात कोथरूड ते खराडी रोज ऑफिस. ॲव्हरेज आठ. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यामुळं असं होतंय का? सीएनजी किट बसवू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : इथेनॉलचा वाटा आहे, पण थोडा. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा फरक, म्हणजे तुमच्या आठमागे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. बाकीचं सिग्नलवर जातं. दीड टनांहून जड, चौकोनी गाडी दर दोनशे मीटरला शून्यापासून ओढायची तर आठ मिळालं हेच खूप. किट बसवू नका. तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, त्याला बाहेरचं किट सहज मानवत नाही आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल. वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, पुढं रिक्षा. आठवड्यातून तीन दिवस तसं जा आणि वाचलेल्या पेट्रोलवर रविवारी ताम्हिणीला जा. जाताना एखादी मातीची वाट दिसली की तो फोर बाय फोरचा लिव्हर एकदा ओढून बघा. घेतल्यापासून ओढला नसणार.