पायथनमध्ये बॅकस्लॅश-यूच्या माळेतून ‘मराठी’ परत कशी मिळवायची?

तुमच्या फाइलमध्ये ‘मराठी’च्या जागी बॅकस्लॅश-यू-०९२ई, बॅकस्लॅश-यू-०९३० अशी माळ (प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे ‘एस्केप’) दिसतेय आणि ‘पायथनचं इव्हॅल फंक्शन चालेल का?’ असं विचारलंय. नाही चालणार. इव्हॅल मजकूर नुसता वाचत नाही, कोड म्हणून चालवतं. बाहेरून आलेल्या फाइलवर ते नकोच.

आधी त्या शब्दाची लांबी लेन या फंक्शननं मोजा. ५ आली तर स्ट्रिंग (पायथनमधला मजकूर) ठीक आहे, माळ फक्त दाखवताना दिसतेय. ३० आली तर खरोखर एस्केप आहे. ३५ म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन बॅकस्लॅश: कुणीतरी दोनदा एस्केप केलंय.

फाइल जेसन (डेटा साठवायचा एक मजकुरी साचा) असेल तर तुकडे काढत बसू नका, अख्खी फाइल जेसन मॉड्यूलच्या लोडला द्या. आणि ती तुमचीच स्क्रिप्ट लिहीत असेल तर जेसन लिहिणाऱ्या डम्प फंक्शनमध्ये एन्शुअर-आस्की हा पर्याय फॉल्स करा, म्हणजे मराठी अक्षरं एस्केप होणार नाहीत, आणि फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये उघडा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

साधा मजकूर असेल तर नेटवर सर्रास युनिकोड-एस्केप कोडेक (बाइट आणि अक्षरं यांत अदलाबदल करणारा भाग) सुचवतात. तो बाइट लॅटिन-१ समजून, म्हणजे एका बाइटचं एक अक्षर असं, वाचतो. मजकुरात आधीच एखादा खरा ‘म’ असला, तर त्याचे यूटीएफ-८ मधले तीन बाइट (ई०, ए४, एई) तीन वेगळी अक्षरं होतात: मात्रावाला लॅटिन ए, एक चलनचिन्ह आणि वर्तुळातला आर. शिवाय विंडोजच्या पाथमध्ये बॅकस्लॅशनंतर ‘यूझर्स’ आलं की एरर येते ती वेगळीच.

त्यापेक्षा रेजेक्स (नमुन्यावरून मजकूर शोधायची पद्धत) बरा. री मॉड्यूलच्या, शोधून बदलणाऱ्या सब फंक्शनमध्ये पॅटर्न द्या: बॅकस्लॅश, लहान यू, मग नेमके चार हेक्स अंक. ते चार अंक इंट फंक्शनला पाया १६ देऊन संख्येत बदला, मग क्रमांकाचं अक्षर करणाऱ्या सीएचआरमधून काढा. बाकी मजकुराला हात लागत नाही, पाथही शाबूत राहतो.

इमोजी मात्र अडवतात. हसऱ्या चेहऱ्याचा क्रमांक १एफ६०० चार अंकांत मावत नाही, म्हणून तो डी८३डी आणि डीई०० अशा जोडीनं येतो; या अर्ध्यांना सरोगेट म्हणतात. रेजेक्सनंतर दोन सुटे अर्धे हातात राहतात आणि फाइलमध्ये लिहिताना ‘सरोगेट्स नॉट अलाउड’ येतं. स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये सरोगेटपास (सुटे अर्धेही जाऊ देणारा पर्याय) देऊन एन्कोड करा, म्हणजे बाइटमध्ये बदला, लगेच यूटीएफ-१६ नंच डीकोड करा. जोडी सांधली जाते. अर्धा एकटाच असेल तर इथं एरर येईल, आणि ती यायलाच हवी.

मजकूर वेबपानावर जाणार असेल तर एचटीएमएल-एस्केप (टॅगचे कंस निष्प्रभ करणं) डीकोडनंतर करा. आधी केलंत तर बॅकस्लॅश-यू-००३सी मधले ००३सी हे निरुपद्रवी अंक म्हणून सुटतात आणि डीकोड होताच स्क्रिप्ट टॅगचा उघडता कंस होऊन बसतात.