घरच्या रीफ टँकसाठी (जिवंत कोरल म्हणजे पोवळी असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी) ट्रिगरफिश घ्यायचाय, कोणता घेऊ?

ब्लूथ्रोट ट्रिगर घ्या, शक्य असेल तर नर. दुकानात बघून आलात तो दोन इंची क्लाउन ट्रिगर मात्र तिथेच राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पाच बाय दोन बाय दोन फुटांचा टँक आहे. आत क्लाउनफिशची जोडी, एक टँग मासा, क्लीनर श्रिंप (शोभेची कोळंबी), थोडे हर्मिट (शंखात राहणारे खेकडे), गोगलगाई आणि कोरलमध्ये झोआ आणि लेदर ही मऊ कोरल, एक हॅमर हे कठीण. मुलीला पांढऱ्या ठिपक्यांचं क्लाउन ट्रिगरचं पिल्लू फार आवडलंय आणि दुकानदार म्हणतो, ‘लहानपणापासून कोरलमध्ये ठेवला की त्याला सवय होते.’ ही सवयीची गोष्ट मी पुण्यात बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकली आहे. ती खरी नाही.

ट्रिगरफिश निवडताना रंग नंतर बघा, आधी तोंड बघा. दुकानात टँकच्या समोर उभे न राहता मासा आडवा दिसेल असे उभे राहा आणि ओठांची ठेवण बघा. क्लाउन ट्रिगरचं तोंड सरळ पुढे असतं, ओठ जाड, आत छिन्नीसारखे दात. खेकडे, समुद्री साळू, शिंपले फोडून खाणं हाच त्याचा उदरनिर्वाह. कवच दिसलं की तो चावून बघणार, मग तुम्ही सकाळी कितीही पोटभर खायला घातलेलं असो. ब्लूथ्रोटचा खालचा जबडा किंचित पुढे आलेला असतो आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं दिसतं. कारण तो खडकाला चिकटून जगत नाही. रीफच्या बाहेरच्या उतारावर मोकळ्या पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून तरंगत राहतो आणि वाहत येणारे सूक्ष्म प्राणी टिपतो. कोरलवर बसलेलं काही ओरबाडून खायची त्याला गरजच नसते. झॅन्थिक्थिस या त्याच्या प्रजातीतले (जीनसमधले) सगळेच साधारण असे आहेत, म्हणून त्यातला क्रॉसहॅच ट्रिगरही रीफमध्ये चालतो. तो ब्लूथ्रोटपेक्षा मोठा होतो आणि किमतीला बराच जड पडतो, एवढंच.

क्लाउन ट्रिगरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरात मुलीला समजवायचं काम तुम्हालाच करायचंय. हा मासा ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे जवळजवळ तुमच्या टँकच्या रुंदीएवढा. समुद्रात त्याची पिल्लं खोलवर, गुहांच्या आणि कपारींच्या आडोशाला राहतात. त्यामुळे नवीन आणलेलं पिल्लू सुरुवातीला लाजाळू वाटतं, खडकामागून डोकावतं, हातातून खायला लागतं, सगळ्यांना लळा लागतो. दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य वाटतं ते याच काळात. वाढ झाली की स्वभाव उघडा पडतो. कर्वेनगरला एका ओळखीच्यांकडे मी हे समोर बसून बघितलंय: त्यांच्या क्लाउन ट्रिगरने हर्मिट शंखासकट उचलला, खडकावर आपटला, सोडला, पुन्हा उचलला, आणि शेवटी शंखाच्या तोंडातून ओढून खाल्ला. तेवढ्यावर थांबला नाही. प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवलेले कोरलचे तुकडे उपटून त्याने वाळूत टाकले होते. ते खाल्लेही नव्हते. हीटरच्या वायरवर दातांच्या खुणा होत्या, आणि ही गोष्ट घरात लहान मूल असताना अजिबात हलक्यात घेण्यासारखी नाही.

बरं, नंतर काढून टाकू म्हणाल तर ते सोपं नसतं. ट्रिगरच्या पाठीवर पहिला काटा जाड आणि भक्कम असतो. मासा घाबरला की खडकाच्या फटीत शिरतो आणि तो काटा उभा करतो. मागचा दुसरा छोटा काटा त्याला खालून टेकू देतो आणि पहिला काटा जागच्या जागी कुलूपबंद होतो. तुम्ही पहिला काटा कितीही दाबा, तो खाली येणार नाही. दुसरा दाबला तरच पहिला सुटतो. रात्री झोपतानाही ते असेच फटीत अडकून झोपतात. म्हणजे चुकीचा ट्रिगर बाहेर काढायचा तर सगळे खडक उपसावे लागतात, आणि जमलेल्या रीफ टँकमध्ये खडक उपसणं म्हणजे कोरलचं नुकसान ठरलेलं. म्हणून म्हणतो, विचार आत्ता करा.

आता ब्लूथ्रोट. शास्त्रीय नाव झॅन्थिक्थिस ऑरोमार्जिनेटस, वावर मॉरिशसपासून हवाईपर्यंत. घरच्या टँकमध्ये साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा होतो, तुमच्या पाच फुटांत आणि साडेपाचशे लिटरमध्ये व्यवस्थित मावेल. नर ओळखायला सोपा: गळ्याखाली निळा ठसठशीत पट्टा, अंग राखाडी-तपकिरी, त्यावर फिकट ठिपक्यांच्या ओळी, पंखांना आणि शेपटीला पिवळी किनार. मादीला निळा गळा नसतो आणि पिवळी किनारही नसते. चित्रात क्लाउन ट्रिगरपुढे तो फिका वाटेल हे मान्य. पण निळ्या उजेडात, वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) धारेसमोर पंख लहरवत एका जागी उभा राहिलेला नर बघितलात की तुमचंही मत बदलेल. शिवाय तो दिवसभर समोर असतो. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवून खोलीत कोण आलं, हातात काय आहे, हे तो न्याहाळत असतो. मुलीला ओळखणारा मासा हवा असेल तर हा आठवड्याभरात तिला ओळखेल.

जोडी ठेवायची असेल तर नर-मादी चालते, दोघं एकदम सोडा किंवा मादी आधी. दोन नर नकोत.

तुमच्या क्लीनर श्रिंपचं काय? शंभर टक्के हमी कुठल्याच ट्रिगरची देता येत नाही. माझा नियम असा: श्रिंप आधीपासून टँकमध्ये रुळलेले आणि पूर्ण वाढीचे असावेत, ट्रिगर सगळ्यात शेवटी यावा. उलट केलंत, म्हणजे ट्रिगर असताना नवा श्रिंप पाण्यात सोडलात, तर तो श्रिंप त्याला वरून आलेला खाऊच वाटतो. अगदी छोटे शोभेचे श्रिंप मात्र विसरा. लहान हर्मिट आणि गोगलगाईंवर थोडं लक्ष ठेवा. क्लाउनफिश आणि टँगची काळजी करू नका.

इतर नावं तुमच्यासमोर येतीलच. नायगर ट्रिगर पुण्यात सहज मिळतो, निळा-जांभळा, लाल दातांचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात तो भरपूर येतो. स्वभावाने बरा आणि तोंडही वर वळलेलं, पण शेपटीच्या टोकांसकट ५० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. सात-आठ फुटांचा टँक असता तर मीच सुचवला असता. पिंकटेल आणि इंडियन ट्रिगर मधल्यामध्ये येतात, कोरलला सहसा धक्का लावत नाहीत, पण श्रिंपच्या बाबतीत ब्लूथ्रोटइतका भरवसा नाही. पिकासो, ज्याला दुकानात हुमा म्हणतात, तो वाळू उपसतो, दगड सरकवतो, श्रिंप खातो. अनड्युलेटेड, म्हणजे हिरव्या अंगावर नारिंगी रेघांचा, एकटाच ठेवायचा मासा आहे.

घेताना दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. जो खात नाही तो घेऊ नका, कितीही देखणा असला तरी. पोट आत गेलेलं नको, डोळे स्वच्छ हवेत, श्वासाची धाप नको. आणि पकडताना जाळीने पकडू देऊ नका. काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना माशाची कातडी सोलवटते. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्यायला सांगा. उचलताना घुरघुर असा आवाज आला तर घाबरू नका, ट्रिगर असा आवाज करतातच.

घरी आणल्यावर चार ते सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलाच तर तांब्याचं औषध द्यावं लागतं आणि ते तांबं मुख्य टँकमध्ये गेलं तर श्रिंप, गोगलगाई आणि कोरल मरतात. त्या टँकमध्ये वाळू-खडक नकोत, पण पीव्हीसी पाइपचा तुकडा नक्की टाका. लपायला जागा नसेल तर ट्रिगर खाणंच सोडतो.

खाण्याचं पुण्यात अवघड नाही. गणेश पेठेच्या मासळी बाजारातून कोळंबी, माकुल, तिसऱ्या आणा, आरओच्या पाण्यात धुऊन बारीक चिरा आणि छोट्या पुड्या करून गोठवून ठेवा. त्याच्या जोडीला फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखे प्राणी) आणि चांगले पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) द्या, नुसत्या कोळंबीवर ठेवू नका. दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या. ट्रिगर खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, तेव्हा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) टँकच्या मापापेक्षा एक नंबर मोठा असलेला बरा. महापालिकेचं पाणी मऊ असलं तरी त्यात क्लोरीन असतं आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तर बोअरचं जड पाणी येतं. दोन्ही वेळी आरओ-डीआय फिल्टर (पाण्यातले क्षार पूर्ण काढणारा) वापरा आणि टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर शून्य बघूनच टँकचं समुद्री मीठ घाला.

एप्रिल-मेमध्ये कोथरूडच्या वरच्या मजल्यांवर खोलीच तिशीपार जाते. टँक २५-२६ अंशांवर ठेवायला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागणारच, पंख्यांवर भागणार नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी टिकतो आणि मोठ्या, सतत पोहणाऱ्या माशाला त्याचा त्रास आधी होतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर रिटर्न पंप (फिल्टरमधून पाणी टँकमध्ये परत आणणारा) नाही तरी एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालेल अशी सोय करा आणि बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

कोरलबद्दल एक गोष्ट, विचारलेली नसली तरी. रीफ बांधणारी कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुमचा हॅमर याच वर्गातला. आपल्या समुद्रातून काढलेलं असं पोवळं विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे. पुढे काही घेताना आयातीची कागदपत्रं मागा, आणि ‘रामेश्वरमचा आहे, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून लाइव्ह रॉकसुद्धा (समुद्रातून काढलेला, सूक्ष्मजीवांनी भरलेला खडक) घेऊ नका.

आणि मासा आणायच्या आधी टँकवर बारीक जाळीचं झाकण बसवून घ्या. ब्लूथ्रोट दचकला की उडी मारतो, पहिल्या रात्रींत तर हमखास. काचेचं बंद झाकण नको, त्याने उष्णता कोंडते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पांढरी जाळी कुठलाही मच्छरजाळीवाला तुमच्या मापाने करून देईल. ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली फिल्टरकडे जातं त्या) कोपऱ्यात आणि पाइप आत येतात तिथे फट राहत नाही ना, तेवढं मात्र बघून घ्या.