चटणी कोल्हापूरची, मिरची कुठली?

वहिनी, आमच्या घरात वाद पेटलाय. थोरला मुलगा कुठंतरी वाचून आला, की मिरची परदेशातून आली. सासूबाई म्हणतात, मिरचीशिवाय कोल्हापूर कधी होतं काय? तुम्हीच निकाल द्या.
– एक गृहिणी, मंगळवार पेठ

निकाल थोरल्याच्या बाजूनं लागतो, पण सासूबाईंना सांगताना बेतानं सांगा. मिरचीचं माहेर मेक्सिको आणि त्याच्या खालचा दक्षिण अमेरिकेचा मुलूख. कोलंबस १४९२ साली तिकडं पोचला, त्याआधी आपल्या बाजूला मिरची कुणी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. पुढं सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला उतरली आणि हळूहळू घाट चढून वर आली. म्हणजे पन्हाळ्यावर शिलाहार भोज राजा नांदत होता तेव्हा त्याच्या मुदपाकखान्यात तांबडा रस्सा शिजणं शक्य नव्हतं. मुक्ताईनं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले म्हणतात, त्या मांड्यांबरोबर ठेचाही नव्हता.

मग तिखट खायचे कशानं? काळी मिरी, पिंपळी, सुंठ, मोहरी यांनी. मिरी मलबारची, आपल्या शेजारचीच. त्या काळची चव घ्यायची असेल तर पांढऱ्या रश्शाची वाटी ओढा. आमच्या घरी त्यात लाल तिखट पडत नाही, मटणाचं पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि झणका मिऱ्याचा. तरी तो वाटीभर रस्सासुद्धा पुरता जुना नाही बरं का. त्यात काजू वाटून घालतात, आणि काजूचं झाड ब्राझीलचं, तेही पोर्तुगीजांनीच आणलेलं. आज चंदगड-आजऱ्याकडं काजूच्या बागाच बागा आहेत, म्हणून आपल्याला तो घरचा वाटतो. काजू टरफलासकट बाजारात का मिळत नाही, हे कधी मनात आलंय? त्या टरफलात जहाल तेल असतं, हाताला लागलं तर कातडी सोलून निघते.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सासऱ्यांच्या मिरची कांडपावर देठं खुडत बसले. दोन्हीकडं शिकले, पण कांडपावर जास्त. तिथं येणारी बाई मिरची कधी एका जातीची आणत नसे. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि मूठभर लवंगी झणक्याला. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दिसायला लालभडक, पण तिखटाला अगदी मवाळ. म्हणून आमच्या चटणीचा नुसता रंग बघून ज्यांना घाम फुटतो, त्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची मला गंमत वाटते. रंग आणि तिखटपणा यांचा एकमेकांशी संबंध नाही. तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते असतं बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढुरक्या शिरांत. बी स्वतः तिखट नसतं, शिरेला चिकटून असतं म्हणून तसं लागतं.

आणि तिखट ही चवच नव्हे. जिभेवर पोळल्याची खबर टिपून मेंदूला देणारी बारीक केंद्रं असतात, शास्त्रात त्यांना ग्राहक म्हणतात. त्यांनाच कॅप्सेसिन जाऊन बिलगतं. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानं हे ग्राहक १९९७ साली शोधले, आणि २०२१ सालच्या नोबेलचा तो एक मानकरी झाला. म्हणजे रस्सा ओरपताना ‘तोंड भाजलं’ असं आपण म्हणतो, ते शरीराच्या लेखी खरंच भाजलेलं असतं. पाणी पिऊन काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध-दही घ्या. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून खाली नेतं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानांना हे कुणी शिकवावं लागलं नसेल.

पाखरांना मात्र मिरची लागतच नाही. त्यांचे ते ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाहीत. पाखरं मिरची खातात, बी न चावता दूरवर टाकतात. उंदीर-घुशी बी चावून टाकतात, म्हणून झाडानं तिखट ठेवलं ते त्यांच्यासाठी. माणूस हा तिसराच प्राणी निघाला, झाडाचा हिशेब त्यानं पार बिघडवून टाकला.

मुलाला आणखी एक सांगा. तिखट मोजायचं माप स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ साली काढलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. सगळा भरवसा माणसांच्या जिभेवर. ते चाखणारे आपल्या पेठेतले असते तर माप वेगळंच निघालं असतं.

दीर दुबईला नोकरीला आहेत. त्यांच्यासाठी घरची कांदा-लसूण चटणी देणार आहे. शेजारच्या काकू म्हणतात, विमानतळावर पकडतील. चटणीला कसलं पकडतात?
– सूनबाई, कागल

काकूंचं ऐका. चटणीत खसखस घालत असाल तर ही चटणी पाठवू नका. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. कच्च्या बोंडाला चिरा पाडून जो चीक गोळा करतात ती अफू, आणि तेच बोंड वाळलं की आत खुळखुळते ती आपली खसखस. बियांत नशा जवळजवळ नसते, चिकाचा अंश वरून लागलेला असतो तेवढाच. पण संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदीत खसखस न्यायला बंदी आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्यापुढं ‘साहेब, पांढऱ्या रश्शाला लागते’ हा बचाव चालत नाही. खसखस भरपूर खाल्ल्यावर लघवीच्या तपासणीत अफूचे अंश दिसू शकतात, हीसुद्धा खरी गोष्ट आहे. आपल्याकडं हे पीक वाटेल त्यानं घ्यायचं नाही, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ठरावीक शेतकऱ्यांना सरकारी परवाना मिळतो.

दिरांसाठी खसखस वगळून वेगळं कांडून घ्या. तीळ आणि खोबरं थोडं वाढवा, दाटपणाची उणीव भासणार नाही.

मसाल्याचा विषय निघालाच आहे तर डब्यातलं दगडफूलही एकदा निरखून बघा. ते फूल नाही, पान नाही, मुळात ती एक वनस्पतीच नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी मांडलेला तो एकत्र संसार आहे, शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी घर आणि ओल देते. वर्गात हे शिकवताना मी घरून दगडफूल नेत असे, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वास घ्यायला पुढं येत.

एकादशीला पाव-बिस्कीट का चालत नाही, तर ते परदेशी, असं आमचे आजोबा सांगतात. बरोबर आहे का?
– एक विद्यार्थी, कसबा बावडा

आजोबांना नमस्कार सांगा आणि एकादशीचं ताट पुढ्यात घेऊन बसा. बटाटा पेरू देशाकडच्या अँडीज डोंगरातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. रताळं तिकडचंच. राजगिऱ्याच्या लाडवातला राजगिरा मेक्सिकोकडचा. खिचडीतल्या हिरव्या मिरचीचं वर सांगितलंच. आणि साबुदाणा? तो झाडाला लागतच नाही. कसाव्हा नावाच्या झुडपाचं जमिनीतलं मूळ किसून, धुऊन, पिठूळ पाणी निवळू देतात. खाली बसलेल्या पिठाचे दाणे वळतात, तापल्या पत्र्यावर भाजतात आणि वाळवतात. ते झुडूपही दक्षिण अमेरिकेचं. पूर्वेकडच्या बेटांवर एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढतात तो साबुदाणा मूळचा, आपल्या पातेल्यातला त्याची नक्कल.

कसाव्हा रुजवला केरळनं. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ १८८० ते १८८५ गादीवर होते, त्यांनी रयतेला हे पीक घ्यायला लावलं, तांदळाची टंचाई झाली तर पोटाला आधार म्हणून. पुढं तामिळनाडूत सेलमच्या आसपास साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले आणि आपल्याकडचा माल बहुतेक तिकडूनच येतो. या मुळात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कच्चं खाल्लं तर विषबाधा होते. किसणं, धुणं, भाजणं यांत ती निघून जातात, तेव्हा खिचडी निर्धास्त खा.

आता गंमत बघा. गहू इथं पाच-सहा हजार वर्षं पिकतोय, तो एकादशीला चालत नाही. समुद्रापलीकडून परवा-परवा आलेली मंडळी मात्र ताटात ऐसपैस. इथली अशी ताटात एक वरईच, शिंगाडा धरला तर दोन. उपवास धान्याचा असतो, आणि हे पाहुणे धान्याच्या यादीत नव्हते म्हणून सुटले, एवढंच मला दिसतं. आजोबांना उपवास मोडायला लावू नका. खिचडी मलाही आवडते, आणि तूप घातल्यावर तिचं गाव कुणी विचारत नाही.

गुळात भेंडी घालतात हे खरं का? मग गूळ भेंडीसारखा का लागत नाही?
– शाळकरी मुलगी, हातकणंगले

बाळ, भाजीची भेंडी नव्हे. गुऱ्हाळावर रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात घोळतात, आणि तो बुळबुळीत चिकट रस उकळत्या काहिलीत ओततात. रसातली माती, मेण, हिरवा अंश त्या चिकटपणात अडकतो आणि फेस होऊन वर येतो. त्याला मळी म्हणतात. ती झाऱ्यानं काढून टाकली की भेंडीही तिच्याबरोबर निघून गेली. मग चव कुठून राहणार? थोडा चुनाही घालतात, रसाचा आंबटपणा मोडायला.

पुढची करामत गुळव्याची. पाक साधारण ११६ ते ११८ अंशांवर आला की काहील उतरवायची, पण गुळव्याच्या हातात थर्मामीटर नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि ओरडतो. एवढ्यावर ढेप धरणार की चिघळणार हे ठरतं. दोन मिनिटं आधी उतरवला तर काकवीच हाती.

घरच्या मोठ्यांना माझा निरोप सांग. बाजारात सगळ्यात पिवळाधमक गूळ दिसेल तो उचलू नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रोसचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या गंधकयुक्त पावडरीचा असतो. गंधकाचा अंश गुळात दशलक्षाला ७० भागांपेक्षा जास्त नको असा नियम आहे, पण दुकानात उभं राहून ते कुणाला कळणार? तांबूस-चॉकलेटी ढेप घ्या. आपल्या गुळाला २०१४ साली मानांकन मिळालं, ते काही पिवळेपणासाठी नाही.

गोटी सोड्याच्या बाटलीत गोटी घालतात कशी?
– एक वाचक, जयसिंगपूर

बाटली घडवतानाच. काच गरम असताना गोटी आत टाकतात आणि मग तोंड अरुंद करतात. बाटली उलटी धरून सोडा भरतात, वायूचा दाब गोटीला रबरी चकतीवर घट्ट दाबून धरतो, बूच लागत नाही. ही युक्ती लंडनच्या हायरम कॉडची, पेटंट १८७२ सालचं. तिकडं पोरांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या, इकडंही फोडल्या. विलायतेत ती कधीच संपली, जपानात आणि आपल्याकडं टिकली.

हिरवा चहा आणि काळा चहा यांची झाडं वेगळी का?
– निवृत्त कारकून, गडहिंग्लज

झाड एकच. पानं खुडल्यावर लगेच वाफवली किंवा भाजली तर हिरवा. चुरगळून हवेत काळवंडू दिली तर काळा. आपला कणीदार चहा यंत्रात पानं चुरून, फाडून, वळून होतो, ती पद्धत आसामात १९३०च्या दशकात निघाली. तोपर्यंत चहा साहेबाचा, नाहीतर शहरातला. कोल्हापुरात मात्र त्याच्याही आधी एका चहाच्या कपानं खळबळ उडवली होती. पाण्याला शिवला म्हणून ज्यांना मारहाण झाली, त्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं थांबून, सगळ्यांदेखत चहा घेतला. महाराजांच्या बरोबर असलेल्या मंडळींनाही मग तो घ्यावा लागला. चहाच्या इतिहासात लंडन-आसामच्या जोडीला भाऊसिंगजी रोडचं नाव का नसावं, हे मला कळत नाही.

शेवटचा आणि सोपा प्रश्न. मिसळीबरोबर पाव की ब्रेड?
– नाव न छापण्याच्या अटीवर, सध्या पुणे

नाव छापत नाही, काळजी करू नका. कोल्हापुरात ब्रेड. पाव पोर्तुगीजांचा, गोव्यात ताडी घालून फुगवलेला, उत्तम गोष्ट आहे, वड्याबरोबर खावा. ब्रेडचे काप यंत्रानं करून विकायला सुरुवात झाली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, ७ जुलै १९२८ला. अमेरिकेच्याच सरकारनं १९४३ साली, युद्ध चालू असताना, कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली. बायकांनी एवढा गिल्ला केला की दोन महिन्यांच्या आत बंदी उठवावी लागली. आणि त्यांच्याकडं तर बुडवायला कटसुद्धा नव्हता.